वाचकांचे प्रश्न: समाजसेवा अधीक्षकांना दाखल झाल्याच्या दिवशीच भेटा

मागील अंकात शासकीय रुग्णालयांतील सोयींविषयी लिहिताना वैद्यकीय समाजसेवकांचा, म्हणजे रुग्णाच्या घरच्या, पैशाच्या आणि मनाच्या अडचणींत मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, उल्लेख ओझरता आला होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वाचकांनी इतके काही विचारले आहे की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे लागले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांत त्यांनाच ‘सोशल वर्कर’ किंवा ‘एमएसडब्ल्यू’ (मेडिकल सोशल वर्कर) म्हणून ओळखतात. नोकरीचा बहुतेक काळ मी हेच काम केले असल्यामुळे उत्तरांत माहितीबरोबर माझी मतेही येतील. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : वडील शेतात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. घरी सोडण्याच्या दिवशी बिल हातात पडले, तेव्हा शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलाने ‘सोशल वर्करला भेटा’ असे सुचवले. भेटलो, तर त्या म्हणाल्या, “तुम्ही पहिल्याच दिवशी यायला हवे होते.” आम्हाला पहिल्या दिवशी कोणी काही सांगितले नव्हते. आमची दोन एकर केळी आहे, तिच्यावर सोसायटीचे कर्ज आहे, रेशनकार्ड केशरी आहे. आता काही करता येईल का? आणि ही व्यक्ती नेमकी कोणासाठी नेमलेली असते, रुग्णालयासाठी की आमच्यासाठी? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ. पगार रुग्णालय देते, परंतु नेमणूक रुग्णासाठी असते, आणि धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत तर ही गोष्ट नियमातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१ कक च्या अनुषंगाने मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवायच्या असतात. दाखल होणारा रुग्ण यांपैकी कोणत्या गटात बसतो याची विचारपूस करून कागदपत्रे पाहण्याची जबाबदारी समाजसेवकावर टाकलेली आहे. म्हणजे तुम्ही त्यांना शोधत जावे अशी अपेक्षा नव्हती. त्यांनी तुमच्या वडिलांच्या खाटेपाशी यावे अशी होती. तुम्हाला कोणी विचारले नाही ही चूक तुमची नाही, हे आधी मनातून पक्के करा, कारण अशा वेळी घरातली माणसे उगाच एकमेकांना दोष देत बसतात.

तरीही पहिल्या दिवसाचा आग्रह खरा आहे आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रुग्ण ज्या गटात नोंदवला जातो त्यानुसार त्याची खाट ठरते, दर ठरतात, औषधे आणि साहित्य कोणत्या खात्यावर चढवायचे ते ठरते. निर्धन रुग्णाला खाट, शुश्रूषा, निवासी डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या या बाबी विनामूल्य मिळतात आणि त्याच्या औषधांचा, शस्त्रक्रियेतील साहित्याचा, आत बसवलेल्या रोपणाचा खर्च खरेदी किमतीने निर्धन रुग्ण निधीतून भागवला जातो. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने दरमहा या निधीत जमा करायची असते. दुर्बल घटकातील रुग्णाला सर्वांत कमी वर्गाचा दर लागतो आणि औषधे व साहित्य यांच्या खरेदी किमतीच्या किमान निम्मी रक्कम त्याने भरायची असते. हे सारे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले तरच नीट जमतात. एकदा साध्या रुग्णाचे बिल तयार झाले की समाजसेवकाच्या हाती व्यवस्थापनाकडे रदबदली करण्यापलीकडे फारसे उरत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तेच. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला धुळे जिल्हा होता, म्हणून खान्देशात ती बऱ्यापैकी परिचित आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी घ्यावी लागते, ही साधी बाब पुष्कळांना माहीत नसते. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे सहभागी, असेल तर तेथे आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी त्याच्याकडे नोंद, मग मंजुरी, मग शस्त्रक्रिया असा क्रम आहे. आणीबाणीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची मुभा असते, पण उपचार पूर्ण करून बिल भरल्यावर योजना मागे जाऊन लागू होत नाही. जुलै २०२४ पासून विमा संरक्षण प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपये झाले असून शुभ्र रेशनकार्ड असणाऱ्यांनाही योजना खुली झाली आहे. त्यामुळे ‘आमचे केशरी कार्ड चालेल का’ ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

आता काय करावे? बिल, डिस्चार्ज कार्ड, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून रुग्णालयाच्या विश्वस्तांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि त्याची प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला पाठवा. निर्धन गटासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल गटासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. दोन एकर केळीचा दाखला कोणत्या आकड्याचा निघतो त्यावर तुमचा गट ठरेल. ‘दाखल करताना आमची विचारपूस झाली नाही’ हे वाक्य अर्जात स्पष्ट लिहा. भरलेली रक्कम परत मिळणे अवघड असते, हे तुम्हाला अंधारात न ठेवता सांगितले पाहिजे. परंतु बिल अद्याप पूर्ण भरले नसेल तर उरलेल्या रकमेवर तोडगा निघण्याची शक्यता चांगली आहे. वडिलांची तपासणी, टाके, पुढचे व्यायाम यांसाठी पुन्हा तेथेच जायचे असेल, तर जाल त्या दिवशी डॉक्टरांच्या आधी समाजसेवकाची खोली गाठा.

प्रश्न : मी सातपुड्यातील एका पाड्यावर आशा आहे. खूप समजावून एका आईला तिच्या कुपोषित बाळासह नंदुरबारला पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचवले. चौथ्या दिवशी ती कोणाला न सांगता परत आली. आता डॉक्टर मला बोलतात आणि पाड्यावरचे लोकही मलाच बोलतात. तेथे समाजसेवक असतात असे ऐकले. ते अशा वेळी काय करतात? (एक आशा कार्यकर्ती, धडगाव तालुका)

उत्तर : ताई, तुम्ही बाळाला तिथवर नेलेत हेच मोठे काम आहे आणि ते वाया गेलेले नाही. रुग्णालयाच्या नोंदीत अशा रुग्णापुढे ‘न सांगता निघून गेले’ असा शेरा पडतो आणि सही करून गेल्यास ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेले, असे लिहिले जाते. दोन्ही शेऱ्यांत निघून का गेली याचा पत्ता नसतो. समाजसेवकाचे काम त्या न लिहिलेल्या भागापासून सुरू होते.

वॉर्डात पाहिले तर अशी आई बहुधा खाटेवर बसलेली नसते. बाळाला खाटेवर ठेवून ती खाली फरशीवर गोधडी अंथरून बसते, नवरा व्हरांड्यात असतो, सिस्टर मराठीत बोलतात आणि तिला पावरी किंवा भिलोरी येते. डॉक्टर राउंडला आले की ती उठून उभी राहते आणि प्रत्येक प्रश्नाला मान हलवते. ती मान होकाराची आहे असे समजून सगळे पुढे जातात. ज्याला हे काम येते तो समाजसेवक तिच्याजवळ फरशीवर बसतो, तिची भाषा येणारी एखादी मावशी किंवा जुन्या रुग्णाची नातेवाईक सोबत घेतो, आणि बाळाविषयी लगेच काही विचारत नाही. घरी आणखी मुले किती, त्यांना आता भाकर कोण करून घालते, शेळ्या कोणाकडे सोडल्या, येताना पैसे कोणाकडून घेतले, हे तो आधी विचारतो. माझ्या अनुभवात दोन दिवस गप्प राहिलेली बाई शेळ्यांच्या प्रश्नावर बोलू लागते. आणि मग कळते की तिच्या मागे घरी चार वर्षांची मुलगी आहे, सासू आजारी आहे, आणि नवऱ्याला मुकादमाने उचल दिलेली असल्याने त्याला लवकरच ऊसतोडीला गुजरातेत निघायचे आहे.

हे कळल्यानंतर करण्यासारखे पुष्कळ असते. केंद्रात बाळाजवळ राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, तिच्या जेवणाची सोय असते. ते तिला तिच्या भाषेत आणि पहिल्याच दिवशी सांगणे, पैसे प्रत्यक्ष खात्यात जाण्यासाठी लागणारे बँक पासबुक तिच्याकडे आहे की नाही ते पाहणे, ते घरी राहिले असल्यास तुमच्यामार्फत मागवून घेणे, ही समाजसेवकाची कामे आहेत. घरच्या मुलीची सोय अंगणवाडीतून किंवा शेजारणीकडून होते का, हे तुम्हाला फोन करून विचारणे हेही त्याचेच काम. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे आणि त्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला शासकीय रुग्णालयात उपचार, औषधे, रक्त आणि घरी परत जाण्याचे वाहनही विनामूल्य आहे. परतीच्या वाहनाची खात्री नसणे हे पळून जाण्याचे फार मोठे कारण असते, कारण मोलगी किंवा धडगावच्या बाजूला जाणारी जीप सकाळीच मिळते आणि ती चुकली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागते.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मांडते. होळी तोंडावर आली, भोंगऱ्या बाजार भरू लागले की सातपुड्यातला कोणताही माणूस रुग्णालयात मनाने थांबत नाही, आणि ते चुकीचे मानण्याचे कारण नाही. त्या दिवसांत बाळाची प्रकृती तेवढी धोक्याची नसेल तर डॉक्टरांशी बोलून दोन दिवस आधी किंवा नंतर दाखल करणे, अथवा मध्येच जाऊ देऊन नेमक्या दिवशी परत बोलावणे अधिक शहाणपणाचे ठरते. बाळाच्या जिवाला धोका असेल तर मात्र तसे करता येत नाही. तेव्हा नवऱ्याला आणि पाड्याच्या कारभाऱ्याला बोलावून घेऊन समोरासमोर सांगावे लागते. स्थलांतराचेही तसेच आहे. केंद्रातून सुटल्यावर बाळाच्या पुढच्या तपासण्या असतात आणि कुटुंब तोवर तोडीला गेलेले असते. ते कोणत्या गावाकडे जाणार हे केंद्रातून घरी सोडतानाच लिहून घेतले, बाळाचे कार्ड आईच्या हातात दिले, तर निदान तिकडच्या अंगणवाडीला शोधता येते.

तुम्ही आता एवढे करा: त्या आईकडे जा, पण परत चल म्हणून नव्हे, ती का आली ते ऐकायला जा. जे कळेल ते केंद्राच्या समाजसेवकाला किंवा समुपदेशकाला फोनवर सांगा आणि त्या कारणावर त्यांनी काय सोय केली ते घेऊन दुसऱ्यांदा जा. बाळाने दूध सोडले, ताप आला, अंगावर सूज दिसली किंवा ते मलूल झाले, तर मात्र वाट न पाहता १०८ ला फोन करून निघा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने फवारणीचे औषध घेतले होते. जीव वाचला. रुग्णालयातील समाजसेविकेने आम्हा सगळ्यांना बाहेर काढून त्याच्याशी अर्धा तास एकांतात बोलणे केले. आई-वडिलांना ते अपमानास्पद वाटले. पोलिसांनीही जबाब घेतला. त्या बाईंनी त्याला जे विचारले ते पोलिसांना कळणार का? आणि आता भावाला पुन्हा पुन्हा बोलावतात, तर त्याला पाठवावे का? (एक वाचक, चाळीसगाव तालुका)

उत्तर : पाठवावे, आणि शक्य असल्यास तुम्ही स्वतः बरोबर जावे.

एकांतात बोलणे हा तुमच्या आई-वडिलांवरचा अविश्वास नव्हता. एवढ्या मोठ्या प्रसंगातून गेलेला तरुण घरच्यांसमोर ‘चुकून झाले’ एवढेच म्हणतो, कारण आईच्या डोळ्यांतले पाणी त्याला पाहवत नाही. कर्ज, जमलेले लग्न मोडणे, दारू, मोबाइलवरच्या जुगारात गेलेले पैसे, वडिलांशी झालेला वाद, यांतले काहीही कारण असू शकते आणि ते घरच्यांपुढे निघत नाही. ‘पुन्हा जीव द्यावासा वाटतो का’ हा प्रश्नही तिने सरळ विचारला असेल. असे विचारल्याने तो विचार मनात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे; उलट विचारणारे कोणीतरी भेटल्याने माणूस हलका होतो.

पोलिसांचा भाग वेगळा आहे. विषबाधेच्या रुग्णाची नोंद डॉक्टर एमएलसी (पोलिसांना कळवावे लागणारे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण) म्हणून करतात आणि पोलिसांना कळवतात, ही नेहमीची पद्धत आहे. परंतु त्यामुळे तुमच्या भावावर खटला चालेल ही भीती मनातून काढून टाका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ सारखे कलमच ठेवलेले नाही. समाजसेविकेला सांगितलेल्या गोष्टींना याच २०१७ च्या अधिनियमातील कलम २३ चे गोपनीयतेचे संरक्षण आहे. अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल, किंवा अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असेल, तर तिला गप्प राहता येत नाही. पण भावाला कोणाचे किती देणे आहे किंवा त्याचे कोणाशी काय जुळले होते, ही माहिती ती पोलिसांना, गावाला, किंबहुना त्याच्या संमतीशिवाय तुम्हालाही सांगणार नाही. तेव्हा तिच्याकडून ते काढून घेण्याचा प्रयत्न करू नका. भाऊ स्वतः सांगेल तेव्हा ऐका आणि ऐकताना रागावू नका.

घरात करण्याची पहिली गोष्ट म्हणजे फवारणीची औषधे घरातून हलवा. कपाशीच्या हंगामात ती ओट्यावर, माळ्यावर, कधी कधी खाटेखालीही पडलेली असतात. दुसऱ्याच्या शेतातील कुलूपबंद खोलीत ठेवा आणि किल्ली भावाकडे असू देऊ नका. सुरुवातीच्या काही महिन्यांत धोका अधिक असतो, म्हणून त्याला फार वेळ एकटे राहू देऊ नका. पण पहारा बसवल्यासारखेही वाटू देऊ नका, शेतात जाताना सोबत न्या, संध्याकाळी पारावर घेऊन बसा. ‘आमच्या तोंडाला काळे फासलेस’ हे वाक्य घरात कोणीही, कधीही उच्चारू नये, पाहुण्यांनीसुद्धा नाही. रात्री-अपरात्री त्याची घालमेल वाढली तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक चोवीस तास सुरू असतो, विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. कर्जाचा प्रश्न निघाला तर समाजसेविकेला तो सांगायला भावाला उत्तेजन द्या. सावकाराचे, सोसायटीचे आणि बँकेचे देणे वेगवेगळे मांडून त्यातून वाट काढण्यासाठी कोणाकडे जायचे हे तिला ठाऊक असते.

प्रश्न : मी अमळनेर येथे समाजकार्याचा विद्यार्थी आहे. रुग्णालयात क्षेत्रकार्याला गेलो असता डॉक्टर आम्हाला फक्त बिल कमी करण्यासाठी किंवा बेवारस रुग्णासाठी बोलावतात असे दिसले. या कामाची सुरुवात याच हेतूने झाली होती का?

उत्तर : नाही, पण पैशाशी त्याचा संबंध सुरुवातीपासून होता हे खरे. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्ट्यूअर्ट यांची नेमणूक झाली ती विनामूल्य उपचारांना खरोखर पात्र कोण हे पाहण्यासाठी. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये हे काम सुरू केले ते निराळ्या कारणाने: क्षयाच्या रुग्णाला ‘विश्रांती घ्या, चांगले खा, मोकळ्या हवेत राहा’ असे लिहून देताना हा माणूस कोंदट खोलीत राहतो आणि एक दिवस काम बुडाले तर उपाशी राहतो, हे डॉक्टरला ठाऊकच नसते, हे त्यांना जाणवले. आयडा कॅनन यांनी ते काम तेथे उभे केले. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये पहिली नेमणूक झाली, आणि देशातील आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या त्याच वर्षीच्या अहवालाने अशा प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज सांगितली. त्याआधी दहा वर्षे, १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली होती.

तुम्हाला बिलासाठीच बोलावले जात असेल तर बिलासाठीच जा, मात्र तेवढ्यावर परतू नका. केसपेपरवर घराची, कामाची, आजाराविषयी रुग्णाला काय समजले आहे त्याची एक नीट टिपण लिहा. डॉक्टर वाईट नसतात, घाईत असतात. आणि ‘मधुमेहाचे इन्सुलिन घरी ठेवायला फ्रीज नाही, माठाजवळ गार जागेत ठेवण्याची पद्धत समजावली’ अशी एक ओळ त्यांनी वाचली की दुसऱ्या रुग्णासाठी ते स्वतःहून बोलावतात. अभ्यासक्रमात वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय मिळत असेल तर घ्या. मनोविकार विभागात काम करायचे असेल तर समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर त्या विषयाचे पुढचे विशेष शिक्षण लागते. आणि आणखी एक मनापासूनची सूचना: अहिराणी तुमची घरची असेल, पण पावरी शिका. चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यातील रुग्णालयांत तिची गरज रोज पडते.

प्रश्न : आईला कर्करोग झाला असून उपचारांसाठी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात वरचेवर न्यावे लागणार आहे. प्रवास व मुक्काम यांसाठी काही सवलत मिळते का? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : मिळते. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर वर्गात तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. पहिल्या भेटीतच तेथील वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन त्याची चौकशी करा आणि पुढची तारीख मिळताच आरक्षण करा, पाचोऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी किती असते हे तुम्ही जाणताच. राहण्यासाठी परळ-दादर परिसरात धर्मशाळा आहेत, पण बऱ्याच ठिकाणी रुग्णालयाची चिठ्ठी लागते आणि तीही याच विभागातून मिळते. आधी फुटपाथवर राहायचे आणि मग सोय शोधायची, असे करू नका. तसेच सगळेच उपचार मुंबईत घ्यावे लागतात असे नाही. ठरलेल्या केमोथेरपीपैकी काही जवळच्या शहरात घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्याचा संकोच करू नका.

प्रश्न : रेल्वे स्टेशनवर बेशुद्ध सापडलेल्या एका वृद्धाला आम्ही काही मित्रांनी शासकीय रुग्णालयात दाखल केले. तो बरा झाला, पण नाव-गाव सांगत नाही. त्याची जबाबदारी आता आमच्यावर येईल का? (काही वाचक, भुसावळ)

उत्तर : नाही. तुम्ही दाखल करणारे आहात, नातेवाईक नाही. केसपेपरवर तसे नोंदवले गेले आहे ना, एवढे पाहून घ्या. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनमुळे अशी माणसे आपल्या भागात नेहमी येतात. त्यांचा फोटो व वर्णन पोलिसांना देणे, अंगावरच्या कपड्यांवरील शिंप्याची चिठ्ठी, गोंदण, बोलण्याची ढब यांवरून प्रांताचा अंदाज घेणे, तेथील पोलीस ठाण्याशी बोलणे हे समाजसेवा अधीक्षकाचे काम असते. गोंदणात पुष्कळदा नावही असते आणि गावही. माणूस मनोरुग्ण वाटला तर त्याला मनोविकारतज्ज्ञांना दाखवले जाते, आणि कोणीच न सापडल्यास निवाऱ्याची किंवा वृद्धाश्रमाची सोय पाहिली जाते. तुम्हाला करावेसे वाटत असेल तर अधूनमधून त्याला भेटा आणि त्याच्याशी बोला. ओळखीच्या माणसापाशी तो एखादे गावाचे नाव बोलून जाईल. ते लगेच अधीक्षकांना कळवा.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असे पदच नाही. मग कोणाला भेटायचे? (एक वाचक, साक्री तालुका)

उत्तर : हे पद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रुग्ण मोठ्या शहरात पोहोचण्याआधीच निम्मे निर्णय तालुक्याच्या गावी होऊन गेलेले असतात. तोवर कामे वाटून घ्यावी लागतात. योजनेच्या कागदपत्रांसाठी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र. एचआयव्हीची तपासणी व औषधे यांसाठी समुपदेशन केंद्रातील समुपदेशक. क्षयाच्या रुग्णासाठी क्षयरोग पर्यवेक्षक, आणि त्यांच्याकडेच निक्षय पोषण योजनेचे दरमहा १ हजार रुपये खात्यात येत आहेत की नाही हे विचारता येते. घरातील मारहाणीची गोष्ट असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकारी. रुग्ण धुळ्याला पाठवला जात असेल तर संदर्भ चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘समाजसेवा अधीक्षकांना भेटावे’ एवढे लिहून घ्या, आणि निघताना रेशनकार्ड, आधार कार्ड, आधीचे सर्व रिपोर्ट आणि बँकेचे पासबुक एकाच पिशवीत ठेवा.